वेतनाचा प्रश्न आणि सम्यक वाणी

शाळेच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, गुरुजनांच्या आठवणी असाव्यात, धम्म आणि शिक्षण यांवर चिंतन असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. नोकरीच्या मुलाखतीत पगाराचा विषय केव्हा आणि कसा काढावा, हा विषय अशा अंकात काहींना खटकेल. परंतु ज्या शाळेने दूरदूरच्या वाड्या-वस्त्यांवरील मुलांना वसतिगृहात आणून शिकविले, त्या शाळेच्या कार्याची एक कसोटी हीसुद्धा आहे की, तिचा विद्यार्थी उद्या मालकाच्या अथवा अधिकाऱ्याच्या समोर बसून आपल्या श्रमाचे मोल शांतपणे सांगू शकतो की नाही. पदवी हाती आहे, गुण उत्तम आहेत, काम येते. पण ‘आपली अपेक्षा किती?’ असे विचारताच मान खाली जाते आणि ‘आपण द्याल ते’ असे उत्तर निघते. निवड समित्यांवर काम करताना हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, आणि ते देणारी मुले बहुधा आपल्याच घरांतील असतात.

या उत्तराला आपल्याकडे विनय म्हटले जाते. माझ्या मते तो विनय नव्हे. ती एक जुनी सवय आहे आणि तिचा इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी महारकी केली. त्या व्यवस्थेत काम ठरलेले नव्हते, वेळ ठरलेली नव्हती आणि मोबदलाही काम करणाऱ्याने ठरविलेला नव्हता. तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाच्या मर्जीवर मिळणारे बलुते, एवढाच तो मोबदला होता. खळ्यावर उभे राहून मिळेल ते पदरात घ्यायचे, कमी का दिले म्हणून विचारायचे नाही, हा तिचा अलिखित नियम होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हेच दुखणे होते. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन कागदावरून गेले. ‘आपण द्याल ते’ हे वाक्य मात्र आपल्या जिभेवर राहून गेले.

हे केवळ अनुमान नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे धाडले होते. दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी असल्याचे त्यातून दिसले. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील नामवंत विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. एकाच दर्जाच्या शिक्षणसंस्थेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही राखीव प्रवर्गातील मुलांच्या नोकरीविषयीच्या अपेक्षा इतरांहून कमी होत्या, आणि मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’च्या प्रश्नाचे ओझे त्यांना अधिक जाणवत होते. म्हणजे भेदभाव दाराशी उभा आहेच. पण दार उघडल्यानंतरही आपण स्वतःच कमी मागतो. पहिल्या गोष्टीविरुद्ध संघटितपणे लढावे लागेल. दुसरी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

काही ज्येष्ठांचा आक्षेप असतो की, पगाराचा विचार करणे ही तृष्णा आहे आणि बौद्ध माणसाने तिच्यापासून दूर राहावे. या आक्षेपाचा आदर राखूनही मला तो मान्य नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मालक-सेवकाचे परस्पर कर्तव्य सांगितले आहे. मालकाने सेवकाला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि योग्य वेळी सुटी द्यावी. सेवकानेही काम चोख करावे, दिलेले तेवढेच घ्यावे आणि मालकाचे नाव राखावे, असा त्याचा आशय आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात या संबंधाला स्वतंत्र स्थान दिले आहे. जेथे वेतन हे मालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, तेथे त्याविषयी विचारणे हा लोभ कसा ठरेल? लोभ म्हणजे न केलेल्या कामाचे घेणे. केलेल्या कामाचे मोल विचारणे ही सम्यक आजीविकेची पहिली पायरी होय.

मग प्रश्न उरतो तो ‘केव्हा’ आणि ‘कसे’ याचा. यासाठी मला अंगुत्तरनिकायातील वाचा सुत्ताचा आधार फार उपयोगी वाटतो. उत्तम वाणीची पाच लक्षणे तेथे सांगितली आहेत: ती योग्य काळी बोललेली असावी, सत्य असावी, मृदू असावी, हिताची असावी आणि मैत्रीचित्ताने बोललेली असावी. मुलाखतीच्या खोलीत ही पाचही लक्षणे जशीच्या तशी लागू पडतात.

प्रथम काळ. मुलाखतीच्या तीन-चार फेऱ्या असतील, तर पहिल्याच फेरीत पगाराचा विषय आपण होऊन काढू नये. त्या वेळी समोरच्याला आपले काम ठाऊक नसते आणि आपल्यालाही पदाची जबाबदारी पुरती कळलेली नसते. ज्या वस्तूची ओळखच पटलेली नाही तिचा भाव कोणी करीत नाही. आपली निवड करण्याचे त्यांच्या मनात ठरले आहे आणि आपण अजून होकार दिलेला नाही, या दोन क्षणांमधला काळ हा वेतनाविषयी बोलण्याचा खरा काळ होय. त्याआधी बोलणे उतावीळपणाचे ठरते आणि होकार दिल्यानंतर बोलणे निष्फळ. तथापि या नियमाला एक मोठा अपवाद आहे. खाजगी दवाखाना, दुकान, लहान कारखाना, विनाअनुदानित शाळा अशा ठिकाणी बहुधा एकच भेट होते आणि तिच्या शेवटी ‘उद्यापासून या’ असे सांगितले जाते. तेथे दुसरी फेरी नाही. अशा ठिकाणी उठण्यापूर्वी विचारलेच पाहिजे: “सर, कामाचे स्वरूप समजले. वेतन, कामाचे तास आणि सुट्या यांविषयीही सांगाल का?” एवढे वाक्य पुरेसे आहे.

अनेकदा अर्जातच ‘अपेक्षित वेतन’ असा रकाना असतो किंवा फोनवरून पहिल्याच संभाषणात आकडा विचारला जातो. तेव्हा उत्तर टाळल्यासारखे दिसू न देता उलट विचारावे: “या पदासाठी आपण जी वेतनमर्यादा ठरविली असेल ती कळू शकेल का? म्हणजे मला नीट सांगता येईल.” पुष्कळ ठिकाणी ती सांगितली जाते. न सांगितल्यास मात्र आकडा द्यावा, आणि तो अभ्यासाने दिलेला असावा. मर्यादा सांगायची झाल्यास तिचे खालचे टोक असे ठेवावे की, तेवढेच मिळाले तरी आपल्याला आनंदाने रुजू होता येईल. कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात बहुधा खालचाच आकडा राहतो.

दुसरे लक्षण सत्य. आधीचा पगार फुगवून सांगण्याचा सल्ला काही मित्र देतात. पंचशीलातील चौथे शील घेणाऱ्याने तो मानू नये, हे तर झालेच; व्यवहारातही तो घातक आहे. नवी कंपनी मागील तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, फॉर्म १६ आणि बँकेचा उतारा मागू शकते. खोटे उघडे पडले तर रुजू झाल्यावरही नोकरी जाते. परंतु सत्य सांगणे म्हणजे जुन्या पगाराला बांधून घेणे नव्हे. “सध्या मला २२,००० रुपये मिळतात, परंतु या पदाची जबाबदारी वेगळी आहे आणि या कामासाठी बाजारात जे वेतन आहे त्यानुसार माझी अपेक्षा ३२,००० रुपयांची आहे,” असे सरळ म्हणता येते. जुन्या पगारावर टक्केवारी वाढवून नवा पगार ठरविण्याच्या पद्धतीत ज्याची सुरुवातच कमी पैशांवर झाली तो कायम मागे राहतो. हे ओळखूनच अमेरिकेतील कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यास कायद्याने मनाई केली, आणि युरोपीय संघाने २०२३ साली तसाच निर्देश काढला. आपल्याकडे तशी मनाई नाही. म्हणून आपल्याला आपला युक्तिवाद स्वतःच तयार ठेवावा लागतो.

सुरुवातीचा फरक किती दूर जातो याचे साधे गणित पाहावे. दोन वर्गमित्र एकाच प्रकारच्या कामाला लागले. एकाने २०,००० रुपये स्वीकारले, दुसऱ्याने विचारून २५,००० ठरविले. दोघांनाही दरवर्षी दहा टक्के वाढ मिळाली, तर दहा वर्षांनी पहिल्याचा पगार सुमारे ५१,९०० आणि दुसऱ्याचा सुमारे ६४,८०० होतो. पाच हजारांची तफावत जवळपास तेरा हजारांवर जाते. हा फरक धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा असतो, आईच्या शस्त्रक्रियेचा असतो, गावाकडच्या गळक्या छपराचा असतो.

सत्याची दुसरी बाजू म्हणजे समोरून सांगितलेला आकडाही नीट समजून घेणे. कंपन्या ‘सीटीसी’ सांगतात, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च. तो हाती येणारा पगार नव्हे. उदाहरणार्थ, वर्षाला ६ लाखांचा सीटीसी म्हणजे महिना ५०,००० असे आपण धरतो. त्यात मूळ वेतन २५,००० असेल, तर मालकाचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के हिस्सा ३,००० रुपये, उपदानाची तरतूद सुमारे १,२०० रुपये, विम्याचे समजा ५०० आणि कामगिरीवर अवलंबून असलेली समजा ५,००० रुपयांची रक्कम यातच धरलेली असते. उरलेल्या ४०,३०० मधून आपला स्वतःचा निर्वाह निधीचा हिस्सा ३,००० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा जातो. दरमहा खात्यात जमा होतात सुमारे ३७,१००. म्हणून “दरमहा निश्चित हाती किती येईल आणि बदलता भाग किती?” हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

तिसरे लक्षण मृदुता. वेतनाची चर्चा भांडण नव्हे आणि याचनाही नव्हे. घरची गरिबी, वडिलांचे आजारपण, कर्जाचा हप्ता ही कारणे आपल्यासाठी खरी असली तरी मुलाखतीत सांगू नयेत; कारण त्यामुळे आपण मोलाची गोष्ट दयेकडे नेतो. आधार द्यायचा तो कामाचा: कोणते यंत्र चालवता येते, कोणती संगणक प्रणाली येते, किती रुग्णांचा वॉर्ड सांभाळला, कोणता निकाल मिळवून दिला. आकडा सांगावा आणि थांबावे. सांगून झाल्यावर स्वतःच घाईने ‘पण कमी झाले तरी चालेल’ असे जोडणे ही आपल्या मुलांची फार मोठी चूक आहे. समोरच्याने अजून तोंडही उघडलेले नसते आणि आपण माघार घेतलेली असते. ते काही क्षणांचे मौन सहन करायला शिकले पाहिजे. वसतिगृहात रोज सकाळी आनापानाला बसलेल्या विद्यार्थ्याला ते अवघड जाऊ नये.

चौथे लक्षण हित. आकडा वाढत नसेल तर हिताच्या इतर बाबी बोलाव्यात: परिविक्षा कालावधी किती, तो संपल्यावर वेतनाचा आढावा घेतला जाईल का, राहण्याची सोय अथवा गाव बदलण्याचा खर्च मिळेल का, पुढील शिक्षणासाठी रजा मिळेल का. जे ठरले ते नियुक्तिपत्रात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा माणूस बदलून जातो, कागद राहतो. बॉण्डवर सही करण्यापूर्वी तो घरी आणून जाणत्या माणसाला दाखवावा आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. जेथे वाटाघाटीला जागाच नाही तेथे ती करण्यात शक्ती घालवू नये, हेही हिताचेच. शासकीय पदाचे वेतन वेतनस्तरानुसार ठरलेले असते. महाविद्यालयातून एकत्र भरती होणाऱ्या नवपदवीधरांनाही बहुधा एकच आकडा असतो. आणि घरात चूल पेटण्याचा प्रश्न असेल, तर मिळते ते काम स्वीकारण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र विचारून स्वीकारणे आणि न विचारताच स्वीकारणे यांत अंतर आहे. पहिल्यात पुढच्या वेळेची तयारी असते.

पाचवे लक्षण मैत्रीचित्त, आणि येथे मला उमेदवारांपेक्षा आपल्या समाजातील मालकांशी, संस्थाचालकांशी बोलायचे आहे. शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज कंत्राटदार आहेत, दवाखाने चालवितात, शिक्षणसंस्था चालवितात, ही अभिमानाची बाब होय. परंतु ‘हे समाजाचे कार्य आहे’ असे सांगून शिक्षकाला, परिचारिकेला, लेखनिकाला अपुऱ्या वेतनावर राबविणे, किंवा एका रकमेवर सही घेऊन दुसरी हातात ठेवणे, हे प्रकार इतरत्र चालतात तसे आपल्याकडेही चालतात, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले, ज्याचा पुढे १९४८ साली कायदा झाला. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली, अनुच्छेद ३९ ने समान कामाला समान वेतनाचे आणि अनुच्छेद ४३ ने निर्वाह वेतनाचे तत्त्व राज्यापुढे ठेवले. ज्यांच्या कार्यालयात बाबासाहेबांची तसबीर आहे त्यांनी तरी जाहिरातीतच वेतन छापावे. उमेदवाराला विचारण्याची वेळच येऊ नये, ही मालकाच्या मैत्रीची खरी खूण होय. जो हे करील त्याला सिगालोवाद सुत्त वेगळे शिकवावे लागणार नाही.

मैत्रीचा दुसरा अर्थ कल्याणमित्रता. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी-व्यवसाय आहे त्यांना कोणत्या पदाला किती मिळते हे जेवणाच्या ताटावरच कळते. काका, मामा, शेजारी सांगतात. आपल्या मुलांना ते सांगणारे कोणी नसते, आणि जे सांगू शकतात ते पगार सांगण्यास संकोचतात. माजी विद्यार्थ्यांनी हा संकोच सोडावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपले क्षेत्र, आपले शहर, रुजू होतानाचे वेतन आणि आजचे वेतन एवढी माहिती, नाव न देता का होईना, माजी विद्यार्थी संघाकडे नोंदवावी. मुलाखतीला निघालेल्या मुलाला अथवा मुलीला त्या क्षेत्रातील किमान तिघांशी बोलता आले, तर तिचा आकडा हवेतला राहणार नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे आहे. कारण ‘लग्नानंतर नोकरी सोडणार का?’ या प्रश्नाच्या आडून त्यांचे वेतन कमी ठरविले जाते, आणि घरचेही ‘मुलीला एवढे पुरे’ म्हणतात. पालकांनी ते वाक्य आपल्या तोंडून काढून टाकावे.

शाळेलाही एक सूचना करावीशी वाटते. दहावीच्या निरोप समारंभाआधी आपण मुलांकडून भाषणे बसवून घेतो. त्याच आठवड्यात एक दुपार अशी असावी की, दोन मुले टेबलाच्या अलीकडे-पलीकडे बसतील. एक विचारील, ‘आपली अपेक्षा किती?’ आणि दुसरा स्पष्ट, शांत स्वरात आकडा व कारण सांगेल. चुकला तर वर्ग हसेल, आणि पुन्हा सांगेल. हसे व्हायचे ते येथे होऊ द्यावे. येथे त्याची किंमत मोजावी लागत नाही. या सरावाला खर्च नाही, अनुदान लागत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी समोरच्या खुर्चीवर बसायला वर्षातून एक दिवस यावे, एवढेच लागेल. येत्या वर्षी त्या खुर्चीवर बसण्यास मी तयार आहे; आणखी पाच-सहा जणांनी आपली नावे माजी विद्यार्थी संघाकडे द्यावीत.